नवव्या गटातले पहारेकरी

२ फेब्रुवारी, सोमवार

रक्तदाबाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, काळज्या डोक्यात फिरवत बसू नका, वहीत उतरवा. म्हणून ही वही. आज सकाळपासूनच्या काळज्या म्हणजे गॅस नीट बंद केला का, डाव्या पायाला मुंग्या का येतात, आणि प्रयोगशाळेतून फोन कशासाठी आला. पहिल्या दोन जुन्या आहेत.

फोन मोठ्या बाईंचा होता, म्हणजे आमच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंचा. त्या इस्पितळात मी अडतीस वर्षं काढली. आठवीत शाळा सुटली, बाटल्या धुवायला लागलो आणि बघून बघून काप काढायला शिकलो. रोग्याच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याचे केसाच्या विसाव्या हिश्श्याइतके पातळ काप काढून काचेवर चढवायचे, मग डॉक्टर ते सूक्ष्मदर्शकातून बघतात. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता कपाटातले दोनशे बारा जुने ठोकळे संशोधनासाठी पुन्हा कापायचे आहेत. जुनं मेण ठिसूळ होतं, नव्या लोकांकडून काप तुटतात. बाई म्हणाल्या, "मामा, तुमचा हात हवाय."

हिला सांगितलं. ही म्हणाली, "हात मागितलाय ना, मग डोकं घरी ठेवून जा. घोळ तेच घालतं."

४ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. माझं जुनं स्टूल अजून डुगडुगतं. संशोधन करणारी मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, चालते ती पळतेच, आणि वाक्य अर्धं बोलून पुढच्यावर जाते. मनातल्या मनात मी तिला घाईबाई नाव ठेवलं. तोंडावर ताईच म्हणतो.

तिने समजावलं ते असं. पूर्वी मांसाचा लगदा करून कोणत्या पेशी किती आहेत एवढंच मोजता यायचं. आता कापाला तीस-चाळीस रंग लावून फोटो काढतात, म्हणजे प्रत्येक पेशी आपल्या जागेवरच दिसते. एका फोटोत लाखो पेशी. कोण कोणाशेजारी आहे हे बघायला माणसाचा जन्म पुरणार नाही, म्हणून ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेला दिलंय. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्या यंत्रालाच विचारतो, म्हणून मी त्याचं नाव शहाणा ठेवलं.

घरी हिला सांगितलं, "कोण कोणाच्या शेजारी राहतं, कोण कोणाला चिकटून असतं, त्यावरून पुढे काय होणार ते यंत्र सांगतं."

"त्याला यंत्र कशाला? मी जिन्यात उभी राहून सांगते."

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. हातमोज्यांचा नियम आता कडक झालाय, भिंतीवर पाटी आहे. पूर्वीही होता, पण पाटी नव्हती. हातमोजे घालून काप काढणं म्हणजे कानात कापूस घालून गाणं ऐकणं.

११ फेब्रुवारी, बुधवार

हे वहीलाच सांगतोय.

आजच्या ठोकळ्यात तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा होता. गाठ लहान असताना लवकर सापडली की तुकडाही असाच लहान येतो. काप कोमट पाण्यावर तरंगत सोडला, तर खालच्या उजव्या कोपऱ्याला सुरकुती. ती बोटाच्या टोकाने हलकेच ओढायची असते. हातमोजा मेणाला चिकटला आणि काप फाटला. दुसराही फाटला. आत उरलेच होते दहा-बारा काप. गेलेला तुकडा कुठून आणणार, तो माणूस काय दुसरी गाठ देणार आहे?

आजूबाजूला पाहिलं. उजव्या हाताचा मोजा काढला, बोट ओलं केलं, कोपऱ्याला टेकवलं. सुरकुती गेली, काप इस्त्री केल्यासारखा पसरला. मोजा पुन्हा चढवला. कोणी पाहिलं नाही. नाडी मोजली, शहाण्णव.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चार लहान ठोकळे. चारही उघड्या बोटाने. मोठे ठोकळे मात्र हातमोजे घालूनच कापतो, ते दणकट असतात. म्हणजे मी बारा आणे प्रामाणिक आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोनशे बारा पूर्ण. एकही ठोकळा वाया गेला नाही. घाईबाई म्हणाली, "मामा, एकही नाही?" आणि खरंच दोन क्षण एका जागी उभी राहिली. उद्यापासून घरी. हिला म्हटलं, आता फोन येणार नाही. ही म्हणाली, "येणार नाही याची काळजी करताय की येईल याची?"

१६ मार्च, सोमवार

फोन आला, "मामा, लगेच या." वाटलं, मोज्याचं बाहेर पडलं. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. जाऊन बघतो तर टेबलावर केक.

शहाण्याने सगळ्या पेशींची आपल्या मनाने वर्गवारी केली. आठ गट सगळ्यांच्या ओळखीचे निघाले. नववा मात्र कोणालाच माहीत नव्हता. चपट्या, चमकणाऱ्या पेशी, तुकड्याच्या कडेला रांगेत. फक्त साठ-पासष्ट जणांमध्ये आहेत. आणि त्यातले जवळजवळ सगळे पाच वर्षांनी जिवंत होते. बाकीच्यांतले निम्मेसुद्धा नाहीत. कडेला उभ्या असतात म्हणून घाईबाईने त्यांना पहारेकरी म्हणायला सुरुवात केली, आता सगळेच म्हणतात.

तिचा शोधनिबंध एकतीस मार्चला छापायला पाठवायचा आहे. तो छापून आला तर तिची इथली मुदत वाढेल, नाही तर जूनमध्ये तिला सामान बांधावं लागेल. मोठ्या बाई म्हणाल्या, हे खरं ठरलं तर पुढे ज्यांच्यात पहारेकरी दिसतील त्यांना जहाल औषधं द्यावी लागणार नाहीत. मग माझ्याकडे वळून, "आणि हे मामांच्या कापांमुळे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी केक सांडला.

येताना ताठ चाललो. ही म्हणाली, "सापडलं यंत्राला आणि छाती फुगली तुमची."

१९ मार्च, गुरुवार

निबंधात काप कसे काढले ते लिहायचंय म्हणून बोलावलं होतं. सगळं विचारून झाल्यावर घाईबाई कप धुवायला उठली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मामा, हातमोजे घालूनच कापले ना सगळे?"

"हो तर."

"बरं झालं," म्हणाली आणि कप तसाच ओला ठेवून निघून गेली.

सुटलो. एरवी ती प्रत्येक गोष्ट तीनतीनदा विचारते, पाण्याचं तापमान तर पाच वेळा विचारलं होतं. हे एकदाच. माझ्यावर विश्वास बसला असणार. त्यामुळे आणखीच वाईट वाटलं.

२३ मार्च, सोमवार

काप उचलायचा माझा कुंचला तिथे राहिला होता. तो आणायला म्हणून गेलो, खरं म्हणजे पहारेकरी बघायला गेलो. घाईबाईने भिंतीएवढ्या पडद्यावर सगळे फोटो मांडले. मी बघत राहिलो. एकूण एक पहारेकरी खालच्या उजव्या कोपऱ्यात.

"ताई, हे सगळे खाली उजवीकडेच का?"

"तेच तर कोडं आहे, मामा. काप काचेवर कसाही बसतो ना?"

"बसतो," मी म्हणालो.

इतरांचा बसतो. माझा अडतीस वर्षं एकाच दिशेने बसत आलाय, आणि सुरकुती खाली उजवीकडेच येते, तिथेच मी बोट टेकवतो. मी ठोकळ्यांचे नंबर वाचले. सगळे लहान. सगळे तांदळाच्या दाण्यांचे.

कुंचला पुन्हा तिथेच विसरलो.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी खिडकीपाशी बसून उजव्या बोटाला चिकटपट्टी लावली आणि ओढली. उन्हात धरली तर पांढरी पूड. हात माझे कायमच कोरडे.

ही मागे येऊन उभी. "आता बोटं सोलताय का?"

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुमचा डावा डोळा मिटतो. चाळीस वर्षं मिटतोय."

मग दुपारपर्यंत एक वेगळाच विचार करत होतो. ज्यांच्या कापावर माझं बोट लागलं ते जगले. म्हणजे माझ्या हातातच काही असलं तर? अडतीस वर्षांत हजारो काप हातांखालून गेले. जरा बरं वाटलं. चहा पिताना लक्षात आलं की काच कपाटात असते आणि माणूस आपल्या घरी. तुकडा काढून झाल्यावर वर्षांनी मी त्याला बोट लावलं. त्याला त्याचं काय? ज्याची गाठ लहान असताना सापडली तो तसाही जगणारच होता. आठवीत शाळा सुटली माझी, पण एवढं कळतं.

२६ मार्च, गुरुवार

आज कोपऱ्यातला जुना सूक्ष्मदर्शक मागून घेतला. म्हटलं, जुन्या आठवणी म्हणून बघतो. एक पहारेकऱ्यांची काच लावली.

सूक्ष्मदर्शकाला एक बारीक चकती असते. ती जरा फिरवली की नजर कापाच्या वर किंवा खाली जाते. कचरा ओळखायला जुनी माणसं असंच करायची. मांसातली पेशी मांसाबरोबर स्पष्ट होते आणि मांसाबरोबर पुसट होते. वर पडलेली वस्तू तसं करत नाही. फोटोला मात्र एकच पातळी असते. शहाणा फोटो बघतो. अंगावर पडलेलं त्याला शेजारी उभं असलेलं दिसतं.

अर्धा फेरा दिला. सगळं मांस धुरकट झालं. पहारेकरी लख्ख.

बराच वेळ तसाच वाकून बसलो. पाठ धरली. घाईबाईने येता-जाता विचारलं, "काय दिसतंय मामा?" मी म्हणालो, "छान आहे." ती थांबली नाही.

निबंध मंगळवारी जाणार. सांगितलं तर तिचा जून गेला, आणि ज्या हाताचं एवढं कौतुक झालं त्याची शोभा होणार. नाही सांगितलं तर कुठल्या तरी इस्पितळात कुणा माझ्यासारख्याची बोटं कोरडी असतील, आणि त्यामुळे एखाद्या बाईला सांगतील, तुमच्यात पहारेकरी आहेत, तुम्हाला औषध नको. ती बाई मला सारखी दिसते. तिच्या हातात पिशवी असते, का ते माहीत नाही.

२७ मार्च, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. हिने गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे तुमचं कातडं पहारा देत होतं."

"हो."

"मग रोज सकाळी मी झाडू मारते तेव्हा पलटणीच्या पलटणी मारते म्हणायचं." आणि हसायला लागली ती थांबेना. पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली. मला राग आला. मग म्हणाली, "सोमवारी सकाळी पहिल्यांदा तेच काम करा. निळा शर्ट इस्त्री करून ठेवते."

"आणि काढून टाकलं तर?"

"सहा वर्षांपूर्वीच काढलंय तुम्हाला. किती वेळा काढतील?"

३० मार्च, सोमवार

दारात तीन वेळा घसा खाकरला. घाईबाई निबंधाचं शेवटचं पान वाचत होती. मी म्हणालो, "ताई, एक काच दाखवायचीय." ती मान वर न करता म्हणाली, "उद्या चालेल मामा?"

"उद्या नाही चालणार."

ती उठली. मी काच लावली आणि म्हणालो, "बारीक चकतीचा अर्धा फेरा द्या." तिने दिला. परत फिरवला. पुन्हा दिला. असं सात-आठ वेळा.

मीच सांगितलं. "हातमोजा काढला होता मी. लहान ठोकळ्यांना. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. ते पहारेकरी नाहीत, माझ्या बोटाची साल आहे."

डोळे सूक्ष्मदर्शकालाच लावून ती म्हणाली, "मामा, मी तुम्हाला एकदाच विचारलं."

"हो."

"एकदाच. चुकलं माझं."

खोटं मी बोललो आणि चूक तिची कशी? शिकलेल्या माणसांचं कधीकधी कळत नाही. मी म्हणालो, "नाही नाही, तुम्ही विचारलंत हे बरोबर केलंत." त्यावर तिने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

मग आम्ही मोठ्या बाईंकडे गेलो. मला वाटलं, छप्पर उडेल. बाईंनी सगळं ऐकलं. "वीस वर्षं मी तुम्हाला हातमोजे घाला म्हणतेय, मामा. मला कधी सापडला नाहीत. यंत्राला सापडलात." नंतर घाईबाईला म्हणाल्या, "निबंध थांबव. आणि मामांचंही नुसतं ऐकून घ्यायचं नाही. तेही तपासा."

२ एप्रिल, गुरुवार

तपासायची युक्ती घाईबाईची. खाटकाकडून कोंबडीचं काळीज आणलं, मीच आणलं. ते मेणात बसवून एक काप हातमोजे घालून काढला, एक उघड्या बोटाने, खाली उजवीकडे टेकवून. दोन्ही रंगायला गेले. खाटकाने विचारलं, "एवढंसंच?" मी म्हणालो, "संशोधन आहे." त्याने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं.

८ एप्रिल, बुधवार

निकाल आला. हातमोज्याच्या कापात नववा गट नाही. उघड्या बोटाच्या कापात पहारेकरी रांगेने उभे, आणि खाली शहाण्याने ठामपणे लिहिलंय की रोगी पाच वर्षं जगण्याची शक्यता उत्तम.

मोठ्या बाईंना हसू आवरेना. त्या एवढ्या वर्षांत माझ्यासमोर हसल्या नव्हत्या. घाईबाईही हसली, खूप हसली, मग बाहेर गेली. परत आली तेव्हा नाक लाल. मी म्हणालो, "ताई, सर्दी झालीय तुम्हाला."

"हो मामा."

"खिडकी लावून बसत जा."

तिने लगेच लावली. ऐकते बिचारी.

ही म्हणाली, "त्या कोंबडीच्या घरी कळवा कोणीतरी."

२१ एप्रिल, मंगळवार

एकसष्ट लहान ठोकळे पुन्हा कापायचे, या वेळी हातमोजे घालून. मी नको म्हणालो. आत मोजकेच काप उरलेत, फाटले तर संपलं. घाईबाई म्हणाली, "दुसऱ्या कोणाला देऊ?" मी मोजे चढवले.

ती शेजारी स्टूल घेऊन बसली. पहिला काप फाटला. माझा हात आपोआप मोज्याच्या काठाकडे गेला. ती म्हणाली, "मामा, दाखवा बरं तो मोजा." तिने बोटाचं टोक चिमटीत धरलं तर पाव इंच रबर मोकळं लोंबत होतं. कपाटातून लहान मापाचा डबा आणला. घातले. बोटाला पाणी लागलेलं कळायला लागलं.

अडतीस वर्षं मी एक माप मोठे हातमोजे घालत होतो. लहानही मिळतात हे कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची मला लाज वाटायची. आज सहा ठोकळे झाले.

५ मे, मंगळवार

एकोणसाठ झाले. दोघांच्या ठोकळ्यांत आता नुसतं मेण आहे. ते दोघे जिवंत आहेत असं घाईबाईने नोंदीत बघून सांगितलं. तरीही मी त्या दोन रिकाम्या ठोकळ्यांचे नंबर इथे लिहून ठेवतो, सत्याऐंशी आणि एकशे चाळीस. कोणीतरी लिहून ठेवायला हवेत.

मोठ्या बाईंनी घाईबाईच्या मुदतीसाठी वर पत्र पाठवलंय. काय लिहिलं ते दाखवलं नाही. मला धास्ती आहे की कोंबडीचं लिहिलं असेल.

१५ मे, शुक्रवार

मुदत मिळाली, सहा महिने. कोंबडीचंच लिहिलं होतं म्हणे.

नव्या काचा शहाण्याला दाखवून झाल्या. दुपारी मी गेलो तेव्हा घाईबाई खिडकीपाशी डबा उघडून बसली होती. तिला बसून जेवताना मी आज पहिल्यांदाच पाहिलं.

"ताई, निघालं का काही?"

"आठ गट, मामा. सगळे ओळखीचे. नववा कुठेच नाही."

"मग सापडलं काय?"

"काही नाही," ती पाव तोडत म्हणाली. "अजून काहीच नाही."

मला फार वाईट वाटलं. चार महिन्यांचं काम, एवढी धावपळ, आणि हातात शून्य. ती मात्र शांतपणे जेवत होती, डब्याच्या तळाला लागलेलंसुद्धा पावाने पुसून खाल्लं. काही न सापडलेल्या माणसाला इतकी भूक कशी लागते, मला समजलं नाही. मग मी हिने दिलेलं उकडलेलं अंडं सोललं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग अंड्याकडे, आणि खाल्लं.